हिमोग्लोबिनवाले जिवाणू: वाढीचा आकडा छापा, सोबत ऑक्सिजनचाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिवाणूंमध्ये हिमोग्लोबिनचे जनुक घालून त्यांची वाढ आणि उत्पादन वाढवल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांच्या विज्ञानपानांवर अधूनमधून येतात. मथळ्यात 'रक्त' हा शब्द असतो आणि मजकुरात 'उत्पादन दुप्पट' असे एखादे वाक्य. सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र गाळलेला असतो: प्रयोग चालू असताना त्या पात्रात ऑक्सिजन किती होता? तो आकडा नसेल तर 'दुप्पट' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. किण्वनाच्या, म्हणजे पात्रात जिवाणू वाढवून उत्पादन घेण्याच्या, कामातली आम्ही माणसे हे पोटतिडकीने सांगतो आहोत, कारण हे तंत्र खरे आहे, उपयोगी आहे आणि अर्धवट माहितीमुळे त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जात आहेत.

पहिली गोष्ट, यात माणसाच्या रक्ताचा संबंध नाही. जे जनुक जवळपास सगळीकडे वापरले जाते ते व्हिट्रिओसिला नावाच्या जिवाणूचे आहे. रंगहीन, तंतूसारखा, पृष्ठभागावर सरपटत जाणारा हा जीव. त्याच्या एका जातीच्या नावातच शेण आहे: स्टर्कोरारिया. शेण, साचलेले डबके, कुजणारा पालापाचोळा, म्हणजे जिथे हवा फार कमी पोहोचते तिथे तो राहतो. अडचण अशी की त्याला ऑक्सिजनशिवाय जगताच येत नाही. निवास ऑक्सिजनच्या दुष्काळातला आणि गरज पूर्ण ऑक्सिजनची, या पेचातून त्याच्यात हे प्रथिन आले. पात्रातला ऑक्सिजन कमी केला की त्याच्या पेशीत या प्रथिनाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

१९६६ मध्ये अमेरिकेत वेबस्टर आणि हॅकेट यांनी ते शुद्ध केले तेव्हा तो एक सायटोक्रोम, म्हणजे श्वसनसाखळीतले एक प्रथिन, असावा अशी समजूत होती. वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, वाकाबायाशी, मात्सुबारा आणि वेबस्टर यांनी त्याची अमिनो आम्लांची साखळी लावली आणि ते हिमोग्लोबिनच निघाले. दोन सारखे घटक, प्रत्येकात १४६ अमिनो आम्ले. योगायोगाने माणसाच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतही १४६च असतात. पण आपल्या हिमोग्लोबिनमध्ये घटक चार आणि याच्यात दोन. १९८८ मध्ये हे जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये आणले गेले. एकीकडे कनक दीक्षित आणि डेल वेबस्टर, दुसरीकडे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत चैतन्य खोसला आणि जेम्स बेली. यातले खोसला पवईच्या आयआयटीतून १९८५ साली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन तिकडे गेले होते. दीक्षित पुढे चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत आल्या आणि जिवाणूंच्या हिमोग्लोबिनवर भारतात मोठे काम झाले. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे माहीत असायला हवे.

आता ऑक्सिजनचा हिशोब. ३७ अंश सेल्सिअसला हवेशी संतृप्त झालेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२१ मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो. साखर लिटरला शेकडो ग्रॅम विरघळते, ऑक्सिजन मात्र एवढाच. माध्यमातल्या क्षारांमुळे तो आणखी थोडा घटतो. पात्रात लिटरमागे १० ग्रॅम कोरडे वजन भरेल इतके ई. कोलाय असतील आणि दर ग्रॅम पेशी ताशी १० मिलिमोल ऑक्सिजन घेत असतील, तर मागणी झाली ताशी १०० मिलिमोल. विरघळलेला सगळा साठा साडेसात सेकंदांत संपतो. म्हणजे हवा सतत आत जात राहिली पाहिजे, आणि ती बुडबुड्यातून द्रवात उतरण्याचा वेग हीच खरी मर्यादा आहे. या वेगाचे माप म्हणजे केएलए. ताशी १०० मिलिमोल उतरवायचे आणि द्रवातला ऑक्सिजन शून्यापर्यंत खाली येऊ द्यायचा, तरी केएलए ताशी ४७६ हवा. काचेच्या साध्या फ्लास्कमध्ये त्याच्या जवळपासही जाता येत नाही. चांगल्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे हवा आणि ढवळणी असलेल्या पात्रात, जाता येते, पण विजेच्या जोरावर.

विजेचे गणितही निष्ठुर आहे. इम्पेलरला, म्हणजे ढवळणाऱ्या पात्याला, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २६ टक्के वाढवला की शक्ती दुप्पट लागते. आणि शक्ती दुप्पट केल्यावर केएलए वाढतो तो माध्यमाच्या प्रकारानुसार सुमारे ३० ते ६० टक्केच. त्यात उष्णतेची भर. पेशी एक मोल ऑक्सिजन वापरतात तेव्हा सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वरच्या उदाहरणात ती घनमीटरमागे जवळजवळ १३ किलोवॉट भरते, ढवळण्याच्या शक्तीपेक्षा कितीतरी जास्त. मे महिन्यात कूलिंग टॉवरचे पाणीच तिशीच्या वर असते, तेव्हा ३७ अंशांवर पात्र धरून ठेवणे किती अवघड जाते हे पाळीवरच्या कोणत्याही ऑपरेटरला विचारावे. पेशींनी आहे तोच ऑक्सिजन नीट वापरावा, ही कल्पना कारखानदारांना का भुरळ घालते ते यावरून कळेल.

हिमोग्लोबिन नेमके करते काय? इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. 'ऑक्सिजन साठवून ठेवते' असे सर्रास लिहिले जाते. आकडेमोड करून पाहा. पेशीच्या कोरड्या वजनात निम्म्याहून थोडे जास्त प्रथिन असते. त्यातले ५ टक्के जरी हिमोग्लोबिन धरले, आणि ही भरपूर मात्रा झाली, तरी लिटरमागे १० ग्रॅम पेशींमध्ये ते सुमारे पाव ग्रॅम भरते. त्याने बांधलेला ऑक्सिजन लिटरमागे ०.०१७ मिलिमोल. ताशी १०० मिलिमोलच्या मागणीपुढे तो अर्धा-पाऊण सेकंद पुरतो. हे कोठार नव्हे. झालाच तर हमाल आहे. पेशीच्या कडेपासून श्वसनसाखळीच्या शेवटच्या विकरापर्यंत (एन्झाइमपर्यंत) तो ऑक्सिजन पोहोचवतो, असे मानायला आधार आहे, कारण ई. कोलायच्या सायटोक्रोम बीओ या विकराच्या एका घटकाशी हे प्रथिन प्रत्यक्ष जोडले जाते असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरी बाजू ऊर्जेची. ई. कोलायकडे ऑक्सिजन वापरणारी दोन मुख्य विकरे आहेत. ऑक्सिजन पुरेसा असतो तेव्हा बीओ चालते. टंचाई झाली की बीडी पुढे येते. बीडी अगदी थोड्या ऑक्सिजनवरही काम करते, पण एका इलेक्ट्रॉनमागे एकच प्रोटॉन पटलापलीकडे जातो. बीओमध्ये दोन जातात. म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये बीओकडून जास्त ऊर्जा हाती लागते. हिमोग्लोबिनमुळे टंचाईतही बीओकडचा प्रवाह टिकून राहत असेल, तर पात्रात उतरणारा ऑक्सिजन तेवढाच असूनही पेशींची संख्या आणि प्रथिनांची निर्मिती वाढते. आमच्या मते फायद्याचे मर्म इथे आहे. केएलए जसाच्या तसा राहतो. द्रवातला ऑक्सिजन आधीच शून्याजवळ असेल तर उतरण्याचा वेग आधीच कमाल असतो, तो आणखी वाढवणे कोणत्याही जनुकाच्या हातात नाही. 'हिमोग्लोबिनमुळे जिवाणू जास्त ऑक्सिजन ओढून घेतात' हे वाक्य म्हणूनच तपासून छापावे. शिवाय या कुळातली प्रथिने नायट्रिक ऑक्साइड हा विषारी वायू निष्प्रभ करण्यात भाग घेतात. ई. कोलायचे स्वतःचे फ्लेव्होहिमोग्लोबिन तेच काम करते, त्यामुळे काही प्रयोगांतला फायदा त्या मार्गानेही आलेला असू शकतो.

फायदा खरा असल्याची उदाहरणे भक्कम आहेत. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूत हे जनुक घातल्यावर कमी ऑक्सिजनमध्ये ॲक्टिनोरोडिन या प्रतिजैविकाचे पेशीमागचे उत्पादन सुमारे दहापट झाले, आणि हवेचा पुरवठा मागेपुढे झाला तरी उत्पादन पूर्वीइतके ढासळेनासे झाले. हे काम १९९१ सालचे. एरिथ्रोमायसिन बनवणाऱ्या औद्योगिक वाणात १९९८ च्या सुमारास ते गुणसूत्रातच बसवले गेले आणि उत्पादन दीडपटीहून अधिक झाले. एरिथ्रोमायसिनचे उदाहरण आम्हांला जास्त मोलाचे वाटते. तिथे आधीच पिळून पिळून सुधारलेला कारखान्यातला वाण होता, प्रयोगशाळेतला सुस्त वाण नव्हता. तंतूसारख्या वाढणाऱ्या या जिवाणूंचे माध्यम घट्ट होत जाते, मोठ्या पात्रात इम्पेलरजवळ ऑक्सिजन भरपूर तर कडेला आणि तळाशी जवळपास शून्य असतो. पेशी दहा-वीस सेकंदांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरत राहतात. अशा चढउताराच्या पात्रात हिमोग्लोबिनचा उपयोग सर्वात जास्त.

आता महाविद्यालयांकडे वळतो. जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय लोकप्रिय आहे, आणि 'काही फरक पडला नाही' किंवा 'खूप फरक पडला' असे दोन्ही निष्कर्ष चुकीच्या मांडणीतून काढले जाऊ शकतात. २५० मिलिच्या बॅफलवाल्या फ्लास्कमध्ये २५ मिलि माध्यम घालून २२० फेऱ्यांवर फिरवले, तर सुरुवातीचे काही तास पेशींना ऑक्सिजनची चणचण भासतच नाही. फरक दिसणार कसा? उलट जनुकाच्या ओझ्यामुळे वाण किंचित मागेच पडेल. त्याच आकाराच्या चार साध्या फ्लास्कमध्ये २५, ५०, १०० आणि १५० मिलि माध्यम घ्यावे, मूळ वाण आणि जनुकवाला वाण दोन्ही लावावेत, प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवाव्यात. ताज्या बीजाचे १ टक्का रोपण, ३७ अंश, १८० ते २०० फेऱ्या. २५ मिलिमध्ये दोन्ही वाण सारखे आणि माध्यमाची उंची वाढत जाईल तसे अंतर वाढत गेले, तर परिणाम ऑक्सिजनशी जोडलेला आहे असे म्हणता येते. सगळीकडे सारखाच फरक दिसला तर कारण दुसरीकडे शोधावे.

'मूळ वाण' म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न आहे. रिकामा ई. कोलाय हे योग्य नियंत्रण नव्हे. तेच प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे छोटे कडे), तेच प्रतिजैविक-प्रतिकाराचे जनुक, फक्त हिमोग्लोबिन वगळलेले, असे नियंत्रण हवे. जमल्यास हीम (हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन बांधणारा, लोह असलेला भाग) धरू न शकणारे उत्परिवर्तित प्रथिन बनवणारा तिसरा वाणही घ्यावा. त्यामुळे नुसत्या प्रथिननिर्मितीचे ओझे वेगळे काढता येते. ई. कोलायच्या के-१२ कुळातला आणि बी कुळातला वाण एकमेकांशी ताडून पाहू नयेत. बी कुळातला बीएल२१ मुळातच कमी ॲसिटेट (ऑक्सिजन अपुरा पडला की पेशी बाहेर टाकतात ते द्रव्य) सोडतो, तो फरक हिमोग्लोबिनच्या खात्यावर जमा होईल.

जनुक ४४१ बेस जोड्यांचे, म्हणजे लहानसेच आहे, त्यामुळे बांधणी अवघड नाही. प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, निवडताना मात्र घाई होते. त्याचा स्वतःचा प्रमोटर ई. कोलायमध्येही चालतो आणि विरघळलेला ऑक्सिजन संतृप्तीच्या काही टक्क्यांपर्यंत खाली आला की आपोआप जोरात चालू होतो. हाच वापरावा असा आमचा आग्रह आहे. गरज असेल तेव्हाच प्रथिन बनते, जनुक चालू करणारे महागडे आयपीटीजी हे रसायन लागत नाही. त्याला एक अट आहे. हा प्रमोटर ग्लुकोज कमी असताना जागी होणाऱ्या सीएएमपी-सीआरपी या यंत्रणेवरही अवलंबून आहे, म्हणून माध्यमात ग्लुकोज भरपूर असेल तर तो दबतो. ऑक्सिजन कमी करूनही प्रथिन दिसत नसेल तर आधी ग्लुकोज तपासा. एकदम २० ग्रॅम ओतण्याऐवजी थोडे थोडे पुरवा किंवा ग्लिसरॉल वापरून पाहा. टी७ सारखा दणदणीत प्रमोटर लावला तर प्रथिनाचा पट्टा जेलवर छान जाड येतो, पण त्यातले बरेचसे हीमविना, निकामी असते, कधी गोळे होऊन खाली बसते. शेकडो प्रतींच्या प्लाझ्मिडपेक्षा दहा-पंधरा प्रतींचे, पी१५ए हा प्रती बनण्याचा आरंभबिंदू असलेले प्लाझ्मिड बरे, आणि कारखान्यासाठी तर गुणसूत्रात एक प्रत. प्लाझ्मिड वाटेत गळते. अँपिसिलिन माध्यमात असूनही गळते, कारण प्रतिकारक पेशी बाहेर सोडत असलेले विकर ते प्रतिजैविक नष्ट करून टाकते. शेवटच्या नमुन्याची योग्य विरलने प्रतिजैविक असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर लावून किती पेशींत प्लाझ्मिड उरले ते मोजल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

हीमचा पुरवठा ही दुसरी खोच. एक हीम बनायला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे आठ रेणू लागतात, आणि ते आम्ल बनवणे हीच ई. कोलायमधली अडलेली पायरी असते. जोरदार प्रमोटर वापरत असाल तर ०.३ ते ०.५ मिलिमोलर या प्रमाणात ते बाहेरून द्यावे लागते. सोबत लोह हवेच. लोहाचे द्रावण थेट फॉस्फेटच्या माध्यमात टाकले की साका बसतो आणि लोह पेशींना मिळत नाही. सायट्रेटसोबत गाळून निर्जंतुक केलेले द्रावण शेवटी घालावे. लोहाशिवाय नुसते आम्ल दिले तर पेशीत पॉर्फिरिन (लोह न बसलेले हीम) साचते, अतिनील दिव्याखाली पेशी लालभडक चमकतात आणि उजेडात मरू लागतात. पेशींच्या गोळ्याला लालसर-तपकिरी छटा आली की विद्यार्थी खूश होतात, पण ती छटा पॉर्फिरिनचीही असू शकते. रंगावरून निकाल देऊ नये.

निकाल द्यायचा तो कार्बन मोनॉक्साइडच्या फरक-वर्णपटावरून. पेशी १०० मिलिमोलर फॉस्फेट बफरने, पीएच ७.५, दोनदा धुऊन ओडी (द्रवाच्या गढूळपणावरून पेशींचे प्रमाण सांगणारे माप) १० च्या आसपास घ्याव्यात. चिमूटभर सोडियम डायथायोनाइट घालून द्रव दोन क्युवेटमध्ये विभागावा. एकात कार्बन मोनॉक्साइडचे बारीक बुडबुडे मिनिटभर सोडावेत, दुसऱ्यात नाही. ४०० ते ५०० नॅनोमीटर या पट्ट्यात दोहोंतला फरक काढला की ४१९ ला शिखर आणि ४३६ ला दरी दिसते. या दोन ठिकाणच्या शोषणातले अंतर २७४ ने भागले की मिलिमोलरमध्ये हिमोग्लोबिन मिळते. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ०.१३७ अंतर आले तर ०.५ मायक्रोमोलर. ई. कोलायचे स्वतःचे सायटोक्रोमही कार्बन मोनॉक्साइड धरतात आणि जवळच शिखर दाखवतात, म्हणून नियंत्रण वाणाचा वर्णपट वजा केलाच पाहिजे. आणि हे काम चालत्या फ्यूम हूडमध्ये, वायूसूचक यंत्र चालू ठेवूनच करावे. हा वायू जिवाणूच्या हिमोग्लोबिनला जसा घट्ट धरतो तसाच माणसाच्याही. त्याला वास नाही, रंग नाही. ज्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड नीट ओढत नाही तिथे हा प्रयोग करूच नये.

वाढ मोजतानाही खबरदारी हवी. ६०० नॅनोमीटरची ओडी नमुना विरल करून ०.४ च्या खाली आणूनच वाचावी; ओडी २ थेट वाचून २ लिहिली तर ती प्रत्यक्षात जास्त असते. पेशींत प्रथिनाचे गोळे झाले किंवा पेशी लांबल्या तर ओडी फसवते, म्हणून १० मिलि नमुन्याचे कोरडे वजनही घ्यावे. ॲसिटेट केवळ २४ तासांनी मोजून भागत नाही. ग्लुकोज संपल्यावर ई. कोलाय तेच ॲसिटेट परत खातो आणि शेवटच्या नमुन्यात काहीच सापडत नाही. दर दोन तासांनी नमुना घेतला तर टंचाईच्या काळात दोन वाणांनी सोडलेल्या ॲसिटेटमधला फरक दिसतो, आणि ऑक्सिजन चांगला वापरला गेल्याची ती सर्वात बोलकी खूण आहे. माध्यमात पुरेसा बफर नसेल तर पीएच घसरून वाढ थांबते आणि आपण ती ऑक्सिजनमुळे थांबली असे समजतो.

केएलए मोजणे प्रत्येक जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रात्यक्षिकांत असावे, ही आमची विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना विनंती आहे. पद्धत साधी आहे: नायट्रोजन सोडून डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, शून्यावर आणायचा, मग हवा सुरू करून दर पाच सेकंदांनी वाचन घ्यायचे, संतृप्तीपासूनच्या तफावतीचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला की सरळ रेषेचा उतार म्हणजे केएलए. गडबड होते ती ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबमुळे. पोलरोग्राफिक प्रोबला स्वतःलाच बदल दाखवायला दहा ते तीस सेकंद लागतात. केएलए ताशी ५० असेल, तर द्रवाला त्यासाठी ७२ सेकंद लागतात आणि काम भागते. ताशी ४७६ असेल तर ते काम साडेसात सेकंदांचे. मग आपण पात्र मोजत नसून प्रोबची सुस्ती मोजत असतो. अशा वेळी आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजनचा ताळेबंद काढावा. मोजणी प्रत्यक्ष माध्यमात, अँटिफोमसह (फेस मोडणाऱ्या द्रव्यासह) करावी. साध्या पाण्यातला केएलए कागदावर देखणा दिसतो, पण अँटिफोमचे काही थेंब पडताच बुडबुडे एकत्र होऊन तो झपाट्याने खाली येतो.

साखर कारखान्यांचे सांडपाणी आणि नगरपालिकांची मलप्रक्रिया केंद्रे यांसाठीही हे जिवाणू सुचवले जातात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. डायनायट्रोटोल्युइनसारखी द्रव्ये कमी ऑक्सिजनमध्ये विघटित करण्यासाठी बर्कहोल्डेरिया जिवाणूत हे जनुक घालून चांगले परिणाम मिळाले आहेत, पण ते प्रयोगशाळेच्या बंद पात्रांत. उघड्या टाकीत रोज नव्या जिवाणूंचा लोंढा येत असतो, तिथे बाहेरून सोडलेला वाण टिकणे कठीण. आणि आपल्याकडे जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव वापरण्याला १९८९ चे नियम लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही समिती आणि पर्यावरणात सोडायचे असेल तर पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी ही समिती, या पायऱ्या टाळून कोणी अशी पावडर विकू पाहत असेल तर ती घेऊ नये. प्रतिजैविक-प्रतिकाराचे जनुक असलेले प्लाझ्मिड सांडपाण्यात सोडणे तर अक्षम्य ठरेल. महाविद्यालयांनीही जैवसुरक्षा समितीशिवाय हे प्रयोग सुरू करू नयेत, आणि वापरलेले माध्यम १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू नये. मोठ्या फ्लास्कला पंधरा मिनिटे पुरत नाहीत, आतला द्रव तापायलाच तेवढा वेळ जातो.

मलप्रक्रिया केंद्रात विजेचा निम्मा किंवा त्याहूनही जास्त भाग हवा पुरवण्यात जातो. तिथे डीओ लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली राहत असेल तर आधी डिफ्युझर (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे भाग) काढून पाहावेत. त्यांवर क्षारांचा आणि जिवाणूंचा थर बसून बुडबुडे मोठे झालेले असतात. ते साफ करणे किंवा फाटलेले पडदे बदलणे हे कोणत्याही जनुकाआधी करायचे काम आहे. फर्मेंटरवाल्यांनाही हेच सांगणे: स्पार्जरची (हवा आत सोडणाऱ्या नळीची) बुजलेली भोके, सैल झालेला इम्पेलर, गरजेपेक्षा जास्त अँटिफोम आणि कॅलिब्रेट न केलेला प्रोब तपासून झाल्यावरही ऑक्सिजनच अडवत असेल, तेव्हा हिमोग्लोबिनकडे यावे. तेव्हा ते पैशांची बचत करू शकते.

आपल्या पत्राकडून एवढीच अपेक्षा आहे. अशी बातमी पुढच्या वेळी छापताना संशोधकांना विचारावे: पात्र किती लिटरचे, डीओ किती टक्के होता, हवा भरपूर असताना त्याच दोन वाणांत किती फरक होता, आणि नियंत्रण म्हणून कोणता वाण घेतला. ही उत्तरे चार ओळींत मावतात. 'दुप्पट' हा शब्द मग खुशाल मथळ्यात घ्यावा.

आपले,
किण्वन व जैवप्रक्रिया क्षेत्रात काम करणारे वाचक, पुणे